आधी कान, मग डोळे, मग हात: घरच्या घरी मुलांना मराठी वाचनाची गोडी लावताना

माझी मुलगी साडेतीन वर्षांची होती तेव्हा तिच्या बालवर्गातून पहिला गृहपाठ आला: पानभर ‘अ’ गिरवून आणा. चौथ्या ओळीला तिने पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला. सहाव्या ओळीला तिने वही उचलून पलंगाखाली सरकवली. संध्याकाळी मी विचारलं, “वही कुठंय गं?” तर म्हणाली, “झोपलीय.” मी स्वतः बालवाडीत शिकवते. दुसऱ्यांच्या मुलांना कधी मोठ्याने बोलले नसेन, पण त्या आठवड्यात घरच्या लेकीला दोनदा रागावले. ते आजही मला लागतं.

त्या वहीमुळे एक गोष्ट पक्की कळली. आपण वाचायला शिकवताना उलट्या टोकाने सुरुवात करतो. मुलाच्या हातात आधी पेन्सिल देतो, मग डोळ्यांसमोर तक्ता लावतो आणि कानांकडे तर लक्षच देत नाही. खरा क्रम याच्या नेमका उलटा आहे: आधी कान तयार होतात, मग डोळे, आणि हात सगळ्यांत शेवटी. घाई करण्याचं कारणही नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षं हा सगळा काळ पायाभूत टप्पा मानला आहे आणि त्यात खेळातून शिकण्यावर भर दिला आहे. म्हणजे तुमच्या हाताशी पाच वर्षं आहेत.

कान: अक्षरं दिसण्याआधीची तयारी

कागदावरची खूण बघून मूल मनातला शब्द ओळखतं, तेव्हा ते वाचतं. तो शब्द मनात आधीपासून असावा लागतो. ‘कढई’ कशाला म्हणतात हे ज्याला माहीत नाही, त्याने क-ढ-ई जोडून दाखवलं तरी त्याच्या हाताला काही लागत नाही.

म्हणून पहिली पायरी गप्पांची, आणि त्यासाठी स्वयंपाकघरासारखी जागा नाही. “ते दे जरा” असं म्हणण्याऐवजी “झारा दे”, “उलथनं कुठंय?”, “रवी आण, ताक घुसळायचंय” असं म्हणा. भाजी निवडताना मुलाला शेजारी बसवा. मटार सोलताना दाणे किती निघाले, एखादी शेंग पोकळ का निघाली, अळी हिरवीच का, यावर बोला. ज्याचं उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात संपतं असे प्रश्न कमी विचारा. “शाळेत मजा आली का?” याला “हो” म्हटलं की गप्पा संपल्या. “आज डबा खाताना तुझ्या शेजारी कोण होतं?” म्हटलं की गोष्ट सुरू होते. मूल बोलत असताना मध्येच शब्द पुरवू नका. त्याला शोधू द्या.

दुसरी पायरी ध्वनींच्या खेळांची. याला ना पाटी लागते ना पैसे. एसटीत, दवाखान्यातल्या बाकावर, अंघोळ घालताना, कुठेही खेळता येतं.

आधी टाळ्या. शब्द म्हणायचा आणि प्रत्येक तुकड्याला एक टाळी द्यायची. आ-ई दोन, मा-मा दोन, ब-टा-टा तीन. ‘कमळ’सारखे शब्द सुरुवातीला घेऊ नका. लिहिताना त्यात तीन अक्षरं असतात, पण बोलताना आपण ‘क-मळ’ असे दोनच तुकडे करतो. मोठ्या माणसाला हा फरक जाणवतही नाही, मूल मात्र तिथे गोंधळतं. शेवटी काना किंवा दुसरी वेलांटी असलेले शब्द घेतले की टाळ्या आणि अक्षरं बहुतेक वेळा जुळतात.

मग पहिल्या ध्वनीचा खेळ. “मी या खोलीतली एक वस्तू मनात धरलीय, ती ‘प’ने सुरू होते.” पंखा, परात, पडदा, पिशवी, जे येईल ते चालू द्या. इथे ‘प पतंगाचा’ म्हणायचं नाही, नुसता ‘प’ म्हणायचा. तसं केलं नाही तर काही मुलांना त्या अक्षराचं नावच ‘पतंग’ वाटतं.

मुलांना सगळ्यांत आवडतो तो ध्वनी पळवण्याचा खेळ. “बटाट्यातला ब पळाला, काय उरलं?” टाटा! हे कळलं की मूल हात हलवून सगळ्या बटाट्यांना टाटा करतं. “भोपळ्यातला भो गेला?” पळा! आणि घरभर पळापळ होते. “पालकमधला शेवटचा क गेला?” पाल! माझ्या वर्गात या शब्दाला दरवेळी किंकाळी ऐकू येते. असे शब्द स्वतः शोधून ठेवा, मग मुलं तुम्हाला नवे आणून देतील. हसत-खेळत चाललेल्या या खेळात मुलाचा कान शब्द फोडायला शिकतो, आणि वाचनाची निम्मी मेहनत त्यातच आहे. पाचव्या वर्षाच्या आसपास शब्दांच्या भेंड्या सुरू करा.

गोष्ट वाचून दाखवणं

रोज दहा-पंधरा मिनिटं, शक्यतो एकाच वेळी. रात्री झोपताना बऱ्याच घरांना सोयीचं पडतं. पण आई-बाबांना उशिरा ड्युटी असेल तर सकाळी दूध पिताना वाचा, आजोबांनी दुपारी वाचा. परदेशात राहणाऱ्या नातवंडांना आजी व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवते, तेही उत्तम. पुस्तकाची एक प्रत इकडे आणि एक तिकडे असली की झालं.

मुलाला मांडीवर किंवा कुशीत असं बसवा की पान दोघांनाही सरळ दिसेल. मुखपृष्ठापासून सुरू करा: “हे कोण असेल? कुठे निघालं असेल?” वाचताना ओळीखालून बोट सावकाश न्या. बोट डावीकडून उजवीकडे जातं, ओळ संपली की खाली उतरतं, आणि चित्र नव्हे तर या काळ्या खुणाच बोलतात, हे मूल न शिकवता उचलतं. पानावर शब्द असतील तसेच वाचा, दरवेळी बदलू नका. तीच गोष्ट तेच शब्द घेऊन परत येते हे मुलाला कळलं पाहिजे.

ज्या गोष्टीत एखादी ओळ पुन्हा पुन्हा येते ती मुलांना लवकर आपलीशी वाटते. चिऊ-काऊच्या गोष्टीत चिऊताई कावळ्याला दाराशी थांबवत राहते आणि पुढे काय येणार हे मुलाला आधीच ठाऊक असतं. अशा ओळीच्या आधी तुम्ही थांबा. मूल ती पूर्ण करेल. दहाव्यांदा तेच पुस्तक आणलं तर कंटाळा दाखवू नका. पहिल्यांदा ते काय घडतं ते ऐकतं, तिसऱ्यांदा शब्द ऐकतं, दहाव्यांदा पुस्तक उलटं धरूनसुद्धा ‘वाचून’ दाखवतं. त्याला हे पाठांतर आहे असं सांगू नका. वाचनाची ती पहिली पायरी आहे.

पुस्तकं कुठली? लहानग्यांसाठी पानावर एक-दोन ओळी आणि मोठं चित्र. ज्योत्स्ना प्रकाशन, नॅशनल बुक ट्रस्ट, प्रथम बुक्स, तूलिका यांची मराठी चित्रपुस्तकं मिळतात. प्रथम बुक्सचं ‘स्टोरीवीव्हर’ हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे. तिथे मराठीत पातळीनुसार लावलेल्या पुष्कळ गोष्टी फुकट मिळतात आणि छापूनही घेता येतात. गावातल्या वाचनालयात बालविभाग आहे का ते विचारा. मुलाला स्वतः पुस्तक निवडू द्या, मग ते तुम्हाला कितीही साधं वाटो. आणि पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. एक पान फाटेल, ते मुलाला शेजारी घेऊन चिकटपट्टीने जोडा.

मोबाइलवरच्या बाराखडीच्या व्हिडिओंबद्दल सगळे विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये २ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी बसून स्क्रीन पाहण्याचा वेळ दिवसाला जास्तीत जास्त एक तास, आणि त्याहून कमी असेल तर चांगलंच, असं सांगितलं आहे. माझं म्हणणं एवढंच की व्हिडिओ मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही. तुम्ही पाहता.

डोळे: पहिली सहा अक्षरं

चार-साडेचार वर्षांचं मूल “इथे काय लिहिलंय?” असं विचारू लागलं की अक्षरांची वेळ झाली. नसेल विचारत तर थांबा आणि कानाचे खेळ चालू ठेवा.

सुरुवात त्याच्या नावापासून करा, नावात जोडाक्षर असलं तरी. डब्यावर, चपलांच्या जागेवर, चित्राच्या कोपऱ्यात नाव लिहा. मग रस्त्यावर या. दुकानांच्या पाट्या मराठीत असण्याबाबतचा कायदा २०२२ मध्ये छोट्या दुकानांनाही लागू झाला, त्यामुळे घर ते शाळा हा रस्ताच मोठं पुस्तक झाला आहे. ‘तुझ्या नावातला म कुठे दिसतो?’ एवढाच खेळ. एसटीवरची पाटी, दुधाची पिशवी, बिस्किटाचा पुडा, सगळं चालतं.

आता मुख्य भाग. अ-आ-इ-ई पासून क्ष-ज्ञ पर्यंत क्रमाने जाऊ नका. वर्णमालेचा क्रम सुंदर आहे, तोंडात ध्वनी कुठे उमटतो त्यावर तो रचला आहे. पण त्या क्रमाने गेलं तर ‘क ख ग घ ङ’ येऊनही मुलाला एकही कामाचा शब्द वाचता येत नाही. उलट सहा अक्षरं आणि एक काना घ्या: क, म, ब, ल, न, र आणि ा.

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापा, तळहाताएवढे पत्ते करा आणि जाड स्केचपेनने एकेक अक्षर लिहा. काना वेगळ्या अरुंद पट्टीवर काढा. अक्षरं हातानेच लिहा, फोनवरून छापू नका. फोनमधला ‘ल’ आणि ‘श’ बहुतेक वेळा हिंदी वळणाचा असतो, तुमच्या मुलाच्या पाठ्यपुस्तकातला मराठी वळणाचा. सुरुवातीला दोन आकार समोर नकोत.

दोन-तीन दिवस नुसत्या पत्त्यांचे खेळ. उशीखाली लपवा आणि शोधायला लावा. पत्त्यांना स्टीलची क्लिप लावा, फ्रिजवरचं मोठं चुंबक दोऱ्याला बांधून लाटण्याला अडकवा आणि मासे पकडा. (चुंबक मोठंच घ्या, लहान चुंबक गिळलं तर धोका असतो.) पकडलेल्या माशाचं नाव सांगितलं तर मासा टोपलीत, नाही तर परत पाण्यात.

मग काना. ‘म’चा पत्ता ठेवा. म्हणा, “म.” शेजारी काना सरकवा: “मा.” काढा: “म.” पुन्हा सरकवा: “मा.” मुलाला पट्टी स्वतः सरकवू द्या. पट्टी सरकवताच आवाज बदलतो, हे त्याला जादूसारखं वाटतं. आणखी एक ‘मा’ शेजारी आणला की “मामा!” हा क्षण पाहायला घरातले सगळे जवळ असावेत.

शब्दांचा क्रमही जपा. आधी काना शेवटी असलेले: मामा, काका, बाबा, मका. मग नाक, कान, मान, रान, बाक, लाल. कारण ‘कान’मधल्या ‘न’ला आपण पूर्ण ‘न’ म्हणत नाही, बोलताना त्यातला अ गळून पडतो. मूल ‘का-नऽऽ’ असं लांबवत बसलं तर “भराभर म्हण बरं, कान धरून!” असं सांगा, आपलाही कान धरा. शब्द ओळखीचा असेल तर ते चटकन जुळवतं.

तीनेक आठवड्यांनी मी मुलीच्या डब्यात कागदाची घडी ठेवली होती. त्यावर या सहा अक्षरांतलंच सगळं लिहिलेलं:

काकाला मका.
मामाला मका.
बाबाला मका.
मला?

तिने बोट ठेवत एकेक ओळ वाचली. ‘मला’पाशी थांबली, पुढच्या प्रश्नचिन्हाकडे पाहिलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “अगं, हिला नाहीच दिला कुणी!” चार ओळी वाचून तिला कुणाचं तरी वाईट वाटलं. त्या दिवशी ती वाचायला लागली, असं मी समजते.

पुढची अक्षरं अशीच सहा-सातच्या गटाने घ्या. दुसऱ्या फेरीत आ, ई, त, द, स, प, ट आणि दुसरी वेलांटी आणा: आई, ताई, दादा, पाटी, साप. दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी घ्या. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी लिहायची आणि उच्चारायची नंतर, याने चांगली हुशार मुलंही अडखळतात. त्यानंतर एक मात्रा, काना-मात्रा, उकार, अनुस्वार, आणि मग पहिली वेलांटी. दोन मात्रा शेवटी. दिसायला जवळची अक्षरं, म्हणजे घ-ध, म-भ, थ-य, प-ष, एका गटात घालू नका. एक पक्कं होऊ द्या, मग दुसरं आणा. ‘च’, ‘ज’ आणि ‘झ’ला दोन-दोन उच्चार आहेत: ‘चार’मधला च वेगळा आणि ‘चाक’मधला वेगळा, ‘झेंडा’ वेगळा आणि ‘झाड’ वेगळं. मुलाने विचारलं तर “हो, याला दोन आवाज आहेत” एवढंच सांगा. ‘ण’ आणि ‘ळ’ शब्दाच्या सुरुवातीला येत नाहीत, ते बाणाच्या आणि बाळाच्या शेवटी शोधायचे. ङ, ञ, ऋ यांची घाई अजिबात नको. जोडाक्षरं सहा वर्षांनंतर सावकाश. र तर क्र, ट्र, र्क, ऱ्य असे चार वेष घेतो, ते शाळेत येतीलच.

हात

पेन्सिल धरण्याआधी बोटांत बळ यायला हवं. कणकेचे साप वळा, लसूण सोलू द्या, शेंगदाण्यांतले खडे निवडू द्या, कपड्यांना चिमटे लावू द्या. ताटात रवा पसरून त्यात बोटाने ‘म’ काढा, हलवला की पाटी कोरी. अंगणात ओल्या फडक्याने, फरशीवर पाण्याने, रांगोळीने. दसऱ्याला पाटीपूजनात एकाचे आकडे जोडून सरस्वती काढतात, ती मुलाला काढू द्या. उभ्या-तिरप्या रेघांचा याहून छान सराव मला माहीत नाही. रेघांची वही पाच वर्षांच्या पुढे, आणि तेव्हाही पानभर एकच अक्षर नको. चार अक्षरं, त्यातलं सगळ्यांत चांगलं कुठलं ते मुलानेच निवडायचं.

आकड्यांचं थोडंसं

जिन्याच्या पायऱ्या, पोळ्या, चिंचोके, सापशिडी. यातून मोजणं आपोआप येतं. एकच अडचण सांगते. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर, पण लिहितो २ आधी. म्हणून मूल २५ ऐवजी ५२ लिहितं. हा निष्काळजीपणा नाही, त्याने ऐकलं तसं लिहिलं. दहा चिंचोक्यांच्या दोन पुरचुंड्या आणि पाच सुटे समोर ठेवा, “दोन पुरचुंड्या आधी लिहायच्या” हे दिसलं की सुधारतं.

घरची बोली आणि इंग्रजी शाळा

तुमच्या घरी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असतील, मुलाने ‘पाणी’ लिहिलेलं ‘पानी’ असं वाचलं, तर त्याने बरोबर वाचलं. टोकू नका. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी, जी बोली घरात आहे तिच्यात गोष्टी सांगा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाड भागात बालवाडी मुलांच्या अंगणात नेली, त्यातूनच ‘अंगणवाडी’ हा शब्द आपल्याला मिळाला. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी तर त्यांनी कुरणशाळा काढल्या. मूल आहे तिथे, त्याच्या भाषेत जायचं हे त्यांनी तेव्हा केलं. आपण तर मुलाच्या घरातच आहोत.

इंग्रजी माध्यमातलं मूल “रेड फ्लॉवर दिसला” म्हणालं तर “हो ना, लाल फूल किती मोठं आहे!” असं म्हणून पुढे जा. घरात मराठी वाचायला लागलेल्या मुलाचं इंग्रजी अडत नाही. खुणांतून शब्द निघतो ही समज एकदाच यावी लागते, ती दोन्ही भाषांना पुरते.

पाहुण्यांसमोर “वाचून दाखव बरं” असं कधी म्हणू नका. शेजारच्या मुलाशी तुलना नको. मूल कंटाळायच्या आधी खेळ थांबवा, “अजून एकदा!” म्हणत असतानाच. तिसऱ्या वर्षीही मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल तर कानांची तपासणी करून घ्या. सात-आठ वर्षांचं होऊनही अक्षरं सारखी उलटी होत असतील, ओळखीचा शब्द रोज नवा वाटत असेल तर आळशी म्हणू नका, तज्ज्ञांना दाखवा. अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समाविष्ट आहे, अशा मुलांना मदत मिळू शकते.

चिठ्ठ्या

वाचू लागलेल्या मुलाला रोज एक चिठ्ठी लिहा. डब्यात, बुटात, उशीखाली. दोन-तीन शब्द पुरे, पण त्यात खरी बातमी हवी. ‘आज मामा आला’ असं लिहिलं असेल तर मामा खरोखर आलेला असावा.

मग उलट चिठ्ठ्या येऊ लागतात. पहिलीत असताना एका दुपारी फ्रिजवर चुंबकाखाली कागद दिसला: ‘आइ मला भुक लागलि’. वेलांट्या-उकार सगळे ऱ्हस्व, पण काय म्हणायचंय ते लख्ख. मी लाल पेन हातात घेतलं नाही. त्याच कागदावर खाली लिहिलं, ‘लाडू निळ्या डब्यात’. पाच मिनिटांनी झाकण पडल्याचा आवाज आला.